बसला तो माझा घसा!

मी एक जुना भोंगा आहे. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या छपरावर माझं आयुष्य गेलं. मित्रांनो, गोड बोलणं मला जमत नाही. माझा जन्मच ओरडण्यासाठी झाला, आणि आज तर मी भयंकर चिडलो आहे.

मला दोरखंडाने वर चढवलं, तेव्हा म्हाताऱ्या मालकांनी स्वतः बटण दाबलं होतं. छपरावरची कबुतरं भुर्रकन उडाली आणि खाली टाळ्या पडल्या. ‘आवाज असावा तर असा!’ असं सगळे म्हणाले. मालक न चुकता मला तेल घालून घेत. ते गेले, चिरंजीव आले. ‘हातात मोबाईल असताना भोंग्याचे कसले लाड?’ म्हणाले. मग काय, तेल बंद झालं. रोज पाळीला ओरडत होतो, पण आतून गंजत चाललो.

याच चिरंजीवांनी कंपनी शेअरबाजारात नेली. बहुतेक शेअर त्यांच्या घरातच राहिले, बाजारात फिरायला आले ते मूठभर. पिंपात तांब्याभर पाणी ओतलं तर कळत नाही. वाटीत ओतलं तर जमीन भिजते. आमची कंपनी म्हणजे वाटी! चार जण घ्यायला धावले की भाव आभाळात, चार जण विकायला निघाले की पाताळात. एकदा वायरमनने मला तपासायला दोनदा वाजवलं. फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर लगेच कुजबुज झाली, ‘दुसरी पाळी सुरू होतेय!’ भाव चढला. अहो, एक झाकण तरी जास्त बनलं होतं का?

पॅकिंगमधल्या मावशींनी पगारातून थोडे थोडे करून हे शेअर घेतले होते. लेकीला नर्स करायचं, एवढीच त्यांची इच्छा. त्यांचे दीर शेअरची दलाली करत आणि दिवसभर टपरीवर बसून असत.

एका सकाळी माझी मोटर जळाली. वायरमन खाली उतरला, चहा घेता घेता फोनवर म्हणाला, “बसला हो साहेब, पार बसला! आता काही खरं नाही.”

दिरांनी तेवढंच ऐकलं. सकाळपासून भोंगा नाही, म्हणजे कारखानाच बसला! आतून यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता, पण कान फुकट मिळाले की त्यांची किंमत राहत नाही. त्यांनी भावजयीला फोन लावला.

“वहिनी, तुमचे शेअर विकून टाका. कारखाना बसला.”

“काहीतरीच काय भावजी! मी आत्ता पॅकिंगलाच उभी आहे. मशीन चालू आहे.”

“तुम्हाला आत राहून काय कळणार? बाहेर सगळ्यांना माहीत झालंय!”

माहीत कसं नसणार? यांनीच तर सांगितलं होतं! विकणाऱ्यांची झुंबड उडाली, घेणारा कुणी मिळेना. भाव कोसळला. मग जो तो म्हणू लागला, ‘भाव पडतोय, म्हणजे बातमी खरीच.’ वा रे शहाणे! आपणच ढकलायचं आणि पडला म्हणून बोंब मारायची! मावशींचा धीर सुटला. त्यांनी मातीमोल भावाने सगळं विकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मला नवी मोटर बसली. मी असा ओरडलो, असा ओरडलो, की टपरीवरचे कप थरथरले. भाव पुन्हा वर गेला. फाटकात डबा घेऊन उभ्या मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

“मेल्या, कालच ओरडला असतास तर?”

काय सांगू त्यांना? बसला होता तो माझा घसा हो, कारखाना नव्हे!

मित्रांनो, जुन्या यंत्राला वेळेवर तेल घाला. आणि कुणी ‘बसला’ म्हणालं, तर पळत सुटण्याआधी एवढं तरी विचारा, की बाबा रे, नेमकं काय बसलं?

आता पाळीची वेळ झाली. मावशी येत आहेत. हल्ली त्यांची लेकही डबा घेऊन त्यांच्या मागोमाग पॅकिंगला येते, आणि तिला हाक मारायचं काम माझ्याकडे आहे.