दिवे लावले की मरणारी बस

लाफाएलेची लाकडी बस दिवसभर गुणी लेकरासारखी धावायची आणि सांज झाली की मधेच मान टाकायची. बसवर भूत बसलंय, असं गावानं ठरवून टाकलं होतं. इंजिनाला डिझेल सोडणारा रिले, काडेपेटीएवढा काळा खटका, लाफाएलेनं तीनदा बदलून पाहिला. मग अंधारात गाडी काढणंच त्यानं सोडलं.

पण त्या शनिवारी राजधानीत, आपियाला, चर्चच्या गायकवृंदांची स्पर्धा होती. गावच्या वृंदासाठी ठरलेली बस आलीच नाही, म्हणून लाफाएले तयार झाला. उजेडातच पोचायचं होतं. पण वृंदातल्या माकेरितामावशीची टोपी सापडेना, आणि टोपीशिवाय ती हलेना. शेवटी घाट चढतानाच सूर्य बुडाला. त्यानं दिवे लावले आणि इंजिन गपकन बंद पडलं.

"आलं बघा!" मावशी म्हणाली. "लाफाएले, त्याला म्हणावं, गाणं ऐकायला तूही चल, पण गाडी सोड."

सगळी बस हसली. लाफाएले हसला नाही. 

मागच्या बाकावरून एपेनेसा उठली. ऑकलंडच्या गॅरेजात बरीच वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करून ती गेल्याच आठवड्यात गावी परतली होती.

"काका, गाडी अंधार पडल्यावर मरते की दिवे लावल्यावर?"

"एकच की ते!"

"एकच कसं? दिवे बंद करा आणि स्टार्टर मारा."

इंजिन लगेच सुरू झालं. दिवे लावताच पुन्हा बंद. बसमधलं हसणं थांबलं.

"भुताला उजेड सोसत नाही वाटतं," एपेनेसा म्हणाली. "आता इंजिन राहू द्या, नुसती चावी फिरवा." तिनं पुढं येऊन रिलेवर बोट ठेवलं. "दिवे लावा. घालवा. लावा." दर खेपेला बोटाखाली टक्‌ झालं. "रिले ठणठणीत आहे, पण दिवे लावले की सुटतो. त्याला वीज पोचते, पण परतीची वाट अडलीय. लोखंडी गाडीत वीज पत्र्यातून बॅटरीकडे परत जाते. तुमची बस लाकडाची. दिवे, रिले, सगळ्यांची परतीची वायर एकाच बोल्टनं चॅसीला, खालच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेली असणार. कुठाय तो?"

"खाली, पुढच्या चाकामागं."

तिनं पांढऱ्या पोशाखावर लाफाएलेची जुनी लुंगी गुंडाळली आणि टॉर्च घेऊन थेट गाडीखाली शिरली.

"अगं, कपडे!" मावशी किंचाळली.

"मी मागच्या रांगेत उभी राहीन!"

आधी तिनं त्या बोल्टावरच्या वायरींपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक सुटी वायर जोडली. लाफाएलेनं इंजिन सुरू केलं, दिवे लावले. इंजिन चालूच राहिलं. वायर काढली, बंद पडलं.

"सापडलं! काका, चॅसी कधी रंगवली?"

"ईस्टरला. सगळं खोलून, दोन हात दिले. गंजू नये म्हणून." त्याचा आवाज उतरला. "त्या बोल्टाखालीसुद्धा."

"रंगातून वीज जात नाही ना, बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम रिलेपुरती जायची. दिव्यांनी ओढ घेतली की रिलेला काही उरत नव्हतं. चाकू द्या."

तिनं लोखंड चकाकेपर्यंत रंग खरवडला, वायरींची टोकं घासली, बोल्ट करकचून आवळला. तोवर आत मावशीनं स्तोत्र सुरू केलं होतं आणि बाकीच्यांनी सूर धरला होता.

लाफाएलेनं दिवे लावले. इंजिन चालू. वायपर लावले, हॉर्न दाबला, आतले रंगीत दिवेही लावले. इंजिन चालूच. कितीतरी महिन्यांत त्यानं अंधारात पुढचा रस्ता पाहिला नव्हता. त्याचे डोळे भरून आले, तसा त्यानं उगाच पुन्हा हॉर्न वाजवला.

"पोरी, पुढं ये. माझ्या शेजारी बस."

"आणि भूत?" मावशीनं विचारलं.

"त्याला उतरवलं," लाफाएले म्हणाला आणि घाटमाथ्याकडे गाडी जोरात काढली.