पंच आश्रुबा आणि कोरडी खाण

‘ही सहीसुद्धा तुमचीच?’ साहेबांनी सातवा कागद वर धरला.

‘माझीच हाय, साहेब,’ आश्रुबा म्हणाला.

मांडव खाणीच्या काठावरच घातला होता. साहेबांच्या खुर्चीपासून वीस पावलांवर जमीन संपत होती आणि तिथून खाली चाळीस फुटांवर पाणी होतं. हिरवट, शांत, दोन पुरुष खोल. कडेला एक बगळा उभा होता. साहेबांच्या हातातल्या सातही कागदांवर लिहिलं होतं, की या खाणीत पाणी नाही.

साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. जनसुनावणी घ्यायला बीडहून सकाळी निघाला होता, सोबत दोनशे पानांचा अहवाल आणि बाटलीबंद पाण्याचा खोका घेऊन.

आमचं गाव दिंद्रुडपासून आत, खडीच्या रस्त्यावर. ती खडी याच खाणीतली. वीस वर्षांपूर्वी गायरानात खाण काढली, रस्ता झाला, खाण बंद पडली, आणि पुढे तिच्यात पाणी साठत गेलं. आता ती पुन्हा सुरू करायची होती प्रगतिपथ दगडखाण कामगार सहकारी संस्थेला. संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव. त्यांनी आयुष्यात उचललेला सगळ्यात जड दगड म्हणजे अंगठीतला पुष्कराज. जमीन सरकारी, म्हणून पर्यावरणाचा अहवाल आणि जनसुनावणी. सुनावणीची जाहिरात आमच्याकडे न येणाऱ्या दोन पेपरांत आली होती. तारीख जानेवारीची, म्हणजे निम्मा गाव ऊसतोडीला गेलेला. उरलेल्यांतले एकतीस जण मांडवात होतो, त्यात तीन संस्थेचेच.

दगड काढायचा तर पहिल्या दिवशी मोटार लावून पाणी उपसावं लागणार. त्या पाण्यावर माळावरच्या वस्तीची चाळीस घरं होती, त्यांची जनावरं होती, आश्रुबाच्या अकरा शेळ्या होत्या, म्हणून तो हरकत घ्यायला उभा राहिला होता. अहवालात याबद्दल एकच ओळ होती : ‘प्रकल्पक्षेत्रात पाणीसाठा आढळत नाही. आधार : ग्रामपंचायतीकडील सात पंचनामे.’

पंचनामे खरेच होते. म्हणजे कागद खरे होते. दुष्काळ पडला की गावाला टँकर हवा, आणि टँकर मिळायचा तर आसपास पाण्याचा थेंब नाही असं लिहून द्यावं लागतं. खाणीतलं पाणी दाखवलं असतं तर टँकर नामंजूर. सगळा गाव त्यावर महिनाभर जगला असता आणि मग खाणही कोरडी, गावही. म्हणून दर दुष्काळात एक पंचनामा व्हायचा, ‘आम्ही पंचांनी समक्ष पाहिले असता खाण कोरडी आढळली.’ शेवटचे तीन, यंदाचा धरून, मी टाइप केले. ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर मीच चालवतो. टाइप केले असं म्हणायचं, जुन्याच फाइलमध्ये साल बदललं. एका वर्षी ते बदलायचं राहिलं, त्यामुळे सरकारदप्तरी आमचं गाव आधीच्याच एका वर्षात दोनदा कोरडं पडलं. कुणी विचारलं नाही.

आणि पंच दर वेळी आश्रुबा. कारण एवढंच, की तो गावात असायचा. उसाच्या गाडीखाली पाय गेल्यापासून तो तोडीला जात नव्हता. दसऱ्यानंतर कुणाचं घर फुटो, म्हैस मरो, विहीर ढासळो, पोलीस किंवा तलाठी येऊन आधी आश्रुबालाच हाक मारायचे. तो लंगडत यायचा, जीभ दातांत धरून पाच मिनिटांत नाव काढायचा आणि निघून जायचा. वाचता त्याला येत नव्हतं. नाव तेवढं काढता यायचं, चित्र काढावं तसं.

‘मग खाली हे काय आहे?’ साहेबांनी विचारलं.

‘पाणी.’

‘कागदावर पाणी नाही.’

‘कागदावर न्हाईच, साहेब. खाली हाय.’

विठ्ठलराव उठून म्हणाले, की हे साठलेलं पाणी आहे, याला पाणी म्हणता येत नाही. संस्थेच्या सल्लागाराने मान डोलावून ते लिहून घेतलं. बगळ्याचं काय, असं मागून कुणीतरी विचारलं, तेव्हा सल्लागार म्हणाला, की पक्ष्यांचं प्रकरण वेगळं आहे, पान एकशे बारा.

साहेबांनी आश्रुबाला शांतपणे समजावलं. पंचनामे खरे असतील, तर हरकतीला आधार नाही. खोटे असतील, तर तहसीलला कळवावं लागेल, टँकर बंद होईल, आणि खोटी सही करणाऱ्यावर जे व्हायचं ते होईल. दोन्हीपैकी एक.

आश्रुबाने विचारलं, ‘दोनी थोडं थोडं न्हाई का धरता येणार?’

साहेब म्हणाले, तशी तरतूद नाही.

मग गावातली सुभद्राबाई उठली. टँकर तिच्या दारात थांबतो. ‘भावजी, बसा खाली,’ ती म्हणाली. ‘तुमच्या अकरा शेळ्यांपायी साऱ्या गावाचा टँकर घालवता का?’

‘बस रं आश्रुबा,’ विठ्ठलरावही म्हणाले, अगदी मायेने. ‘कशाला डोक्याला ताप करून घेतो?’

आश्रुबा बसला. मीही सुटलो, खरं सांगायचं तर.

साहेबांनी सुनावणीचं इतिवृत्त काढलं. ते बीडहून छापूनच आणलं होतं, फक्त वेळ भरायची बाकी होती. खाली स्थानिक पंचाची सही लागत होती. पंच कोण, असं त्यांनी विचारलं, आणि आम्ही बाकीच्या तीस जणांनी सवयीने आश्रुबाकडे पाहिलं. ज्याची साक्ष आत्ताच मोडीत निघाली होती, त्याच्याच हातात पेन दिलं गेलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यालाही नाही. त्याने जीभ दातांत धरली, ‘आ’ काढला आणि थांबला.

‘वाच बरं हे,’ तो मला म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा सांगितलं होतं. मी वाचलं : ‘उपस्थितांपैकी कोणीही हरकत घेतली नाही.’

‘मग मी आत्ता उभा राहून काय केलं?’

त्याने पेन टेबलावर ठेवलं, दोन्ही हात टेकून उठला.

‘साहेब, लिवा. सात बारी मी डोळ्यानं पाणी बघितलं आन् न्हाई म्हणून सही केली. खोटं केलं. माझं एकट्याचं नाव घाला. आन् हरकत बी लिवा, ती पण माझीच.’

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्याचं बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं अजून जात नाही.

खाणीची फाइल फेरतपासणीला गेली. विठ्ठलराव जीपचं दार आपटून निघून गेले. सोमवारपासून टँकर बंद झाला. बुधवारी आश्रुबाच्या नावाची नोटीस आली. ती बजावल्याचा पंच म्हणून कोतवालाने आश्रुबालाच सही मागितली. सवयच ती. आश्रुबा नको म्हणाला.

गुरुवारी सकाळी मी खाणीवर गेलो. गावातल्या बायकांची घागरींची रांग लागली होती, आणि जी ती आश्रुबाच्या नावाने बोटं मोडत होती. खाली जायला जनावरांची घसरडी वाट तेवढी होती. आश्रुबा निम्म्यावर, दुखरा पाय लांब सोडून बसला होता आणि पहारीने दगडात पायरी काढत होता. वरच्या नऊ झाल्या होत्या. मी पहार मागितली, त्याने दिली नाही.

सुभद्राबाई भरली घागर घेऊन खालून वर येत होती. शिव्या चालूच होत्या. त्याच्यापाशी आल्यावर तिला वर पाय टाकता येईना. तिने बोलणं न थांबवता त्याच्या खांद्यावर हात टेकला, जोर दिला आणि वरच्या पायरीवर आली. तिचं वजन गेल्यावर त्याने पुन्हा पहार उचलली.