छाटलेली बाग उपटत नाहीत

प्राचीचं लग्न यवतला लागलं ते साल २०१४. मांडवाचे बांबू सोडले आणि त्याच आठवड्यात केंदूरच्या माळावर मला लावलं. मित्रांनो, मी एक जुनी द्राक्षवेल आहे. जात शिराज. माझे मणी बारीक, काळे, आत बिया. खाणाऱ्याच्या मी कामाची नाही. माझ्यापासून लाल वाइन होते. ती मोठ्यांची गोष्ट, तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका. पण माझी गोष्ट ऐका. वेल म्हणजे वाकणारी, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर एकदा माझ्या खोडाला हात लावून बघा.

माझे मालक बाळासो. प्राची त्यांची लेक. जावयाला गळ घालून त्यांनी यवतच्या काळ्या रानातही वाइनचीच जात लावायला लावली, कॅबर्ने.

बाळासो खायच्या द्राक्षांत मुरलेले. मणी फुगवण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. मला पहिले घड लागले तेव्हा त्यांना माझी लाजच वाटली.

"एवढुसा मणी? लोक काय म्हणतील?"

त्यांनी फुगवणीचं औषध मगात कालवलं, माझा एकेक घड त्यात बुडवला आणि वर भरपूर पाणी सोडलं.

"अवो, वाइनरीच्या मॅडमनी नगं म्हटलंय," शेवंताबाई, त्यांची बायको, म्हणाली.

"मॅडमनी कवा बाग लावली?"

मी टम्म फुगले. टेम्पो वाइनरीत गेला आणि भरलेलाच परत आला. दुसऱ्या दिवशी वाइनरीच्या सृष्टी मॅडम बांधावर आल्या. "मामा, रंग सालीत असतो. तुम्ही साल ताणून पातळ केली आणि आत पाणी भरलं. याची वाइन नाही होत, सरबत होतं."

त्यांचं खरं होतं. पण पाराला विषय मिळाला. "काय बाळासो, ना खायची ना प्यायची द्राक्षं काढली म्हणं."

हे बाळासोंना फार लागलं. दसरा झाल्यावर ते म्हणाले, "उपटून टाकू सगळी. खोल्या बांधू. शिक्रापूरची कामगार पोरं राहतील." सोमवारी जेसीबी सांगितला. मी मुळं घट्ट धरून बसले. दुसरं काय करणार?

या घराची एक रीत आहे. बाळासोंच्या आईनं, पुतळाबाईंनी, ती घालून दिली. कात्री लागली की वेल पोटुशी, आणि पोटुशीला कुणी घराबाहेर काढत नाही. छाटलेली बाग उपटायची नाही. बाळासोंनी आईचा हा शब्द कधी मोडला नव्हता.

सोमवारी उजाडायच्या आत शेवंताबाई वस्तीवरच्या बायका घेऊन आली. पहिली कात्री मला लावली. नुसता कात्र्यांचा कटकट आवाज. जेसीबी आला तेव्हा निम्म्या बागेत काड्यांचा खच पडला होता.

ड्रायव्हर खाली उतरला. "मौसी, ये तो कटिंग हो गया. उखाडना है के नहीं?"

"मला काय इचारतो? मालकास्नी इचार."

बाळासो मागेच उभे होते. माझ्या ओल्या छाटाकडे बघत म्हणाले, "तू मुद्दाम केलंस."

"व्हय. मुद्दामच."

"आन् टेम्पो पुन्यांदा परत आला तर?"

"तर म्होरल्या वर्षी पयला घाव मीच घालते. पर यंदा मगाला हात लावायचा न्हाई."

बाळासोंनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

त्या साली मला पाण्याचा ताण दिला. मणी बारीकच राहिले, साल जाड झाली, खुडणाऱ्या बायकांची बोटं जांभळी झाली. टेम्पो रिकामा परत आला. पुढे सृष्टी मॅडम सांगायला आल्या, "केंदूरच्या शिराजला तिखटपणा आहे, पण ती लवकर विरते. यवतच्या कॅबर्नेला कणा आहे, पण ती एकटी फार ताठ. दोन्हींचा रस एकत्र करतोय."

"म्हंजी यवतशी पुन्यांदा सोयरीक," बाळासो हसले.

"या बारीला मानपान तरी न्हाई," शेवंताबाई म्हणाली. "रुसायला जावईच न्हाई."

पारावरची थट्टा अजून थांबलेली नाही. करू द्या. मी दगडात उभी आहे आणि बारीक मणीच देते. मित्रांनो, ज्याचं फळ लहान असतं त्याला दुसऱ्यासारखं फुगवायला जाऊ नका. त्याला काय लागतं ते विचारा आणि तेवढंच द्या. आणि कुणाला उपटायची वेळ आली, तर शेवंताबाईसारखं थोडं लवकर उठा.

आता दर ऑक्टोबरात पहिली कात्री बाळासो लावतात, ती मलाच. छाट वाकडा पडतो. त्याच वाकड्या छाटाखालून मी फुटते. आधी हे काम शेवंताबाईचं होतं. ती २०२३ सालच्या फेब्रुवारीत, निम्मा खुडा झालेला असताना, वारली.