शेडमागच्या फोमच्या हरणाची तक्रार

मित्रांनो, मी हरणाचा एक जुना, फोमचा पुतळा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये व्हर्लिन स्टूबीच्या शेडमागे मी अकरा वर्षं उभा आहे. बाण मारायचा सराव माझ्यावर चालतो. अंगाची चाळण झाली, त्याचं मला काही नाही. पण या माणसांपुढे मी अगदी हात टेकले आहेत.

कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हाच माझ्या कुशीवर एक गोल कोरलेला होता. काळीज आणि फुप्फुसं इथे असतात, एवढाच त्याचा अर्थ. बाण इथे लागला तर हरीण थोड्याच अंतरावर पडतं, फार हाल होत नाहीत. वर लागला तर ते पळून जातं. मग कधी जगतं, कधी दिवसेंदिवस तडफडतं. इतकं सोपं करून अंगावर कोरून दिलंय, तरी चुकतातच.

दर ऑगस्टमध्ये गाईंचं दूध काढून झालं की व्हर्लिन कुंपणाजवळ उभा राहायचा आणि वीस पावलांवरून नेमका गोलात बाण घालायचा. बायको अर्लिस पायरीवर मक्याची कणसं सोलत बसलेली असायची.

"बघितलंस? थेट गोलात."

"बघितलं. पण रानात तू झाडावर बसतोस, आणि इथे मारतोस जमिनीवरून."

"अकरा वर्षं मारतोय मी, अर्लिस."

"त्यातली निम्मी वर्षं तुला हरीण दिसलंसुद्धा नाही."

तिचं बरोबर होतं. उंचावरून मारताना कमरेत वाकावं लागतं. नुसते हात खाली केले तर बाण वर जातो. मला बोलता आलं असतं तर मी दर ऑगस्टला हेच ओरडलो असतो.

यंदा ऑक्टोबरात व्हर्लिन शिकारीहून सकाळीच परत आला. तोंड पांढरं पडलं होतं. आठ टोकांच्या शिंगांचा नर झाडाखाली आला, बाण लागला, पण पाठीच्या कण्याखाली, गोलाच्या बराच वर. तो आणि अर्लिस दोन दिवस शोधत फिरली. रक्ताचे थेंब ओढ्यापर्यंत होते, पुढे काही नाही.

शेजारचा मर्ल समजूत घालायला आला. "जगेल रे. हरणं चिवट असतात."

"चिवट असतात म्हणून त्यांना कसंही मारायचं का?" व्हर्लिन म्हणाला.

त्याच्या बापाचा दंडक होता, बाण लागून हरवलेलं हरीणही आपल्याच नावावर धरायचं. वर्षाला एक म्हणजे एक. व्हर्लिनने धनुष्य खुंटीला टांगलं. हिवाळ्याचं मांस नाही, सॉसेज नाही. त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. तो नर मेला की जगला, एवढंच त्याला खात होतं. कधी कधी येऊन माझ्या पाठीवरून बोट फिरवायचा. मला रागही यायचा आणि कीवही.

डिसेंबरात एका सकाळी तोच नर शेडमागे आला. बर्फातली सफरचंदं उकरून खाऊ लागला. पाठीखाली दोन्ही कुशींवर केस गेलेला सुकलेला व्रण होता. हडकला होता, पण चघळणं जोरात चालू होतं. त्याने माझं नाक हुंगलं आणि मला निरुपयोगी ठरवलं.

व्हर्लिन बादली घेऊन आला आणि दहा पावलांवर थबकला. अर्लिस दारातून हळूच म्हणाली, "धनुष्य आणू?"

"नको. हा आधीच माझ्या नावावर आहे."

नर खाऊन सावकाश निघून गेला. व्हर्लिन बादली उपडी करून तिच्यावर बसला आणि रडला. अर्लिसने त्याच्या टोपीवरचा बर्फ झटकला.

"जिवंत आहे गं."

"दिसलं मला. आता ऊठ, शिडी आण."

त्याच दुपारी तो धनुष्य घेऊन शेडच्या छपरावर चढला. पहिला बाण माझ्या पाठीत, अगदी त्या व्रणाच्या जागी.

"कमरेत वाक," खालून अर्लिस म्हणाली.

दुसराही वर गेला. तिसराही. अंधारून येईपर्यंत कुठे चार गोलात बसले. अकरा वर्षांनी अक्कल आली, चला.

मित्रांनो, तुमच्या हातात धनुष्य असो की आणखी काही, आधी माझ्यासारख्यावर चुका. झाडाइतक्या उंचावरून चुका, शंभरदा चुका. मला दुखत नाही.