दुसऱ्या चमकेचा फोटो

एटेल्का आजींच्या घरात माशाचा लाल रस्सा पुढ्यात घेऊन निवू द्यायची कुणाची टाप नव्हती. आणि त्यांची सख्खी नात एमोके रविवारी सगळ्यांदेखत नेमकं तेच करत होती. नुसता चमचा फिरवत बसलेली.

"मासा तिसा नदीतला, मिरची माझ्या गाळ्यावरची. यातलं काय तुम्हा लेझरवाल्यांना पसंत नाही?"

"रस्सा छान आहे गं, आजी. माझा फोटोच खोटा निघाला तर?"

आजींचा पळीचा हात थबकला. नातीने फुटत्या रेणूचा फोटो काढलाय, ही बातमी त्यांनी सेगेदच्या बाजारात मिरचीबरोबर गिऱ्हाइकागणिक बांधून दिली होती. शेजारच्या भाजीच्या गाळ्यावरच्या मार्गितला तर मुद्दाम ऐकवून.

"खोटा कसा? नीट सांग. शाळेत मी टिकले नाही, पण बहिरी नाहीये."

"लेझरची पहिली चमक रेणूला फोडते. लगेच मागून दुसरी येते, इलेक्ट्रॉन उडवते. मग तुकडे एकमेकांना ढकलत पळतात. ते पडद्यावर आदळतात तिथे कडं उमटतं, ते केवढं त्यावरून कळतं, त्या घडीला ते किती लांब गेले होते. पण माझी दुसरी चमकच जास्त जोरकस असेल, तर रेणू तिनेच फोडला असणार. पहिली अडवून, नुसती दुसरी सोडून मी पाहिलंच नाही."

"मग उद्या बघ."

"उद्या दुपारी आमचे प्राध्यापक तो फोटो पाहुण्यांना दाखवणार आहेत. माझी सगळी पीएचडी त्यावर उभी आहे. झोम्बोर म्हणतो, गप्प राहा."

"झोम्बोर तुझ्या जोडीला कामाला आहे की तुझ्या तोंडाला बूच म्हणून?"

"आणि तू बाजारभर सांगून बसलीयेस."

"बाजाराचं मी बघते. तू तुझं बघ."

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर आजींचं लक्ष लागेना. मार्गितने संधी साधली. "काय एटेल्काबाई, आज फोटोचं काही नाही वाटतं?"

"तोंड मीट आणि तुझी भाजी बघ!"

संध्याकाळी एमोके गाळ्यावर आली, ओढलेल्या चेहऱ्याची पण ताठ मानेची. सकाळीच तिने प्राध्यापकांना गाठलं होतं. ते आधी भडकले, मग म्हणाले, कर. तिने पहिली चमक अडवली, तरी फोटोतलं ठळक कडं जसंच्या तसं राहिलं. खोटंच होतं ते. मग तिने दुसरीचा जोर उतरवत नेला, एकटीने रेणू फुटेनासा होईपर्यंत, आणि मगच पहिली सोडली.

"तेव्हा बारीकसं कडं उमटलं, आजी. दोन चमकांमधला वेळ वाढवला तसं आक्रसत गेलं. लांबचे तुकडे एकमेकांना कमी जोराने ढकलतात, म्हणजे ते खरंच लांब जात होते. पाहुण्यांना तेवढंच दाखवलं. पण फार फिकट आहे गं. लोकांना सांग, आधीचा फोटो चुकीचा होता."

आजींनी मार्गितकडे पाहिलं. ती कान देऊन उभीच होती. मग त्यांनी आवाज चढवला.

"सांगते की! फिकट आहे, पण खरा आहे. तुझी चूक जगाने धरायच्या आत तू धरलीस, आणि साहेबाच्या तोंडावर सांगितलीस. माझी नात शोभतेस. पण काल रस्सा निवू दिलास, त्याला माफी नाही. चल घरी, आधी तो संपव!"