उजव्या हातातला पेला

"पुरे ना, छगनआप्पा?"

"भर वं रमिलाबाई, काठलगून भर. अर्धा पेला ते म्हैसबी लई जाई."

शेजारच्या रमिलाबाईंनी तांब्या आणखी कलता केला. पितळी पेल्यातलं पाणी काठाच्या वर फुगलं, थरथरलं, पण ओघळलं नाही. चांदणी घोडीच्या पाठीवर बसलेल्या छगनआप्पांनी डाव्या हातात लगाम गोळा केला आणि उजवा हात खाली करून तो पेला असा उचलला की जणू त्यात कुणाचा तरी जीव होता.

ओट्यावर पेपर चाळत बसलेल्या त्यांच्या मुलीने, चेतनाने, मान वर केली नाही. पण पान उलटायचंही ती थांबली.

छगनआप्पा घोड्यांना चाल लावणारे. रेवाल चाल म्हणजे अशी चाल, की खाली चार खूर वाऱ्यासारखे पळताहेत आणि वर पाठ पाळण्यातल्या पोरासारखी निवांत. तापीकाठच्या दत्तजयंतीच्या यात्रेत पंच स्वाराच्या हातात भरलेला पेला देतात. ज्याचं पाणी सांडलं, तो बाद. आजूबाजूच्या तीन तालुक्यांतून घोडी लोणखेड्याला आप्पांच्या दारात येत, तीन-चार महिने राहत आणि चाल शिकून परत जात. चांदणी खापर गावच्या धर्मचंद शेठची. पांढरीशुभ्र, अंगाने सडपातळ, स्वभावाने जरा लाजरी. तिचं नाव शेठच्या आईने, इचरजबाईंनी ठेवलेलं.

घरापासून पाटाच्या कडेने एक कच्ची वाट जात होती. एका टोकाला पाटावरची मोरी, दुसऱ्या टोकाला निंब, आणि मध्ये चारशे पावलं. दोन्ही बाजूंना पपईची शेतं. आप्पा मोरीपासून निघाले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण पाठीवर बसला की वय खालीच राहायचं. निंबाजवळ चांदणी थांबली. आप्पांनी पेला डोळ्यांशी नेला, तिरपा धरून पाहिला, उन्हात धरून पाहिला आणि मग पाणी निंबाच्या मुळाशी ओतलं.

त्या निंबाखाली एके काळी चेतना उभी असायची. सहा वर्षांची असल्यापासून तिचं ते ठरलेलं काम. बाप आला की टाचा उंचावून पेल्यात डोकवायचं, घोडीच्या अंगावर ओला डाग आहे का पाहायचा आणि पाटापलीकडे ऐकू जाईल असं ओरडायचं, सांडलं असलं तर "सांडना!" आणि नसलं तर "नही सांडना!" मग हात उंच करायचा आणि घोडी आपणहून मान खाली घेऊन त्या हाताखाली आणायची.

ती अकरा वर्षांची होती त्या सालच्या यात्रेत आप्पांनी मैना नावाची घोडी चालीऐवजी दौडीत उतरवली. कुणीतरी डिवचलं होतं, की छगनच्या घोड्या फक्त नाचतात, पळत नाहीत. शेवटच्या टप्प्यात एक कुमेत, तांबूस रंगाचा घोडा पुढे निघाला आणि आप्पांनी कुणाचा तरी मागून घेतलेला चाबूक वर उचलला. मैना जिंकली. लोकांनी आप्पांना खांद्यावर घेतलं. शेवटच्या खांबाशी उभ्या असलेल्या चेतनाने नेहमीसारखा हात उंच केला, आणि मैना त्या हाताकडे बघून डोळे पांढरे करत मागे उधळली.

चेतना त्या दिवशी रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती निंबाखाली गेली नाही, एवढंच. पुढे ती शिकली, नंदुरबारच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाली, लग्न झालं, आई गेली. दर रविवारी ती लोणखेड्याला येत राहिली, बापाचे कपडे, औषधं, डाळी बघत राहिली. फक्त त्याच्याशी बोलताना तिची अहिराणी कधी मागे पडली आणि तिथे पुस्तकी मराठी कधी येऊन बसली, ते दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं होतं.

त्या रविवारी दहाच्या सुमारास धर्मचंद शेठचा मुलगा जिनेश गाडी घेऊन आला. सोबत तिशीचा एक स्वार होता, दोधू. त्याच्या काखेत चाबूक होता, नवाकोरा, मुठीला लाल गोंडा.

"छगनकाका, राम राम. यंदा हिले चालसंगे दौडमाबी टाकाना विचार शे."

"टाक ना भाऊ. घोडी तुन्ही शे," आप्पा चांदणीचा घाम पुसत म्हणाले. "दौडमा पयी बी चांगली. पन तो काखमाना साप घरच ठेव."

दोधू हसला. जिनेशही हसला. "काका, आते तसं जुनं काही नही ऱ्हायनं. पंचांनी नियम करा. फक्त पाच फटका. सहावा मारा ते बाद."

"पाच मोजस कोन?"

"पंच मोजतस."

"त्या मारेल मोजतस. खायेल कोन मोजस?"

चेतना चहा घेऊन बाहेर आली होती. तिला राहवलं नाही. "परदेशातही असे नियम आहेत, आप्पा. काही ठिकाणी तर चाबकाला गादी लावतात, घोड्याला कमी लागावं म्हणून."

"चाबूकले गादी?" आप्पांनी चहाची बशी तशीच तोंडापाशी धरली. "आनी घोडी उघडीच?"

रमिलाबाई कुंपणापलीकडून खो खो हसल्या.

"आणि घोड्याची कातडी तपासूनही पाहिली आहे," चेतना म्हणाली. "आपल्याइतकीच दुखते, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे."

"त्यानाकरता शास्त्रज्ञ लागनात? माशीले इचारी लेतात ना." आप्पा उठले. "जिनेशभाऊ, आठे ये. देख."

चांदणीच्या कुशीवर एक माशी येऊन बसली होती. तेवढ्याच जागेवरची कातडी, रुपयाएवढी, थरथरली. माशी उडाली, दोन बोटं पलीकडे बसली. आता तिथली कातडी थरथरली.

"माशीनं वजन तिले समजस, भाऊ. तुन्हा पाच फटका नही समजाव का?"

जिनेशने ते पाहिलं. त्याच्या जैन घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही, जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पितात. ते टोचलं म्हणून तो जरा जास्तच बोलून गेला. "पन काका, तुम्हीनबी एक डाव मारेल शे ना? मैनाले. आखं गाव सांगस."

 दोधू गोंड्याशी खेळत राहिला.

"हा," आप्पा म्हणाले. "तीन मारेल शेतस. म्हनीसनच सांगस."

चेतनाने कपबशी ओट्यावर ठेवली. तीन. तिनेही तीनच मोजले होते. इतक्या वर्षांत तो आकडा या घरात कुणी उच्चारला नव्हता.

पप्पांना विचारून सांगतो, असं पुटपुटत जिनेश निघून गेला.

दुपारी दादर ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन झाला. आप्पांनी बसमध्ये न्यायला एक पपई कागदात गुंडाळली, सुतळीने बांधली, मग सोडून पुन्हा नीट बांधली. चेतना चपला घालत होती तेव्हा ते दाराच्या चौकटीला हात टेकून म्हणाले,

"बेटा, एक चक्कर मारस मी. जरा निंबजोडे उभी ऱ्हाशी का? मन्हा डोयास्ले आते थेंब दिसत नही."

सत्तावीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. चेतनाने घड्याळ पाहिलं. खरं तर बस पाऊण तासाने होती, आणि तिच्यानंतरही एक होती.

"पुढच्या रविवारी, आप्पा. आता बस चुकेल."

"हा, हा. बस चुकाले नको," ते लगेच म्हणाले, आणि पपई तिच्या हातात दिली.

मंगळवारी सकाळी चांदणीला खरारा करता करता आप्पा खुंटीपाशी खाली बसले आणि उठले नाहीत. रमिलाबाई पेला भरायला आल्या तेव्हा त्यांना दिसलं. घोडी दोरी न ताणता उभी होती. एक खूर आप्पांच्या धोतराच्या सोग्यावर पडला होता, तो तिने त्यांना उचलेपर्यंत हलवला नाही, असं रमिलाबाई दारावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिल्या. चेतना ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकायची. पपई नंदुरबारच्या घरी फ्रिजवर ठेवलेली होती. पिकून मऊ पडली तरी तिने ती कापली नाही, आणि नवऱ्याला, हेमकांतला, टाकूही दिली नाही.

सुतक संपवणारी गंधमुक्ती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिनेश आला. यात्रा चार दिवसांवर आली होती. चांदणीला न्यायला पिकअप आणली होती, सोबत दोधू होता आणि काखेत तोच लाल गोंडा.

"ताई, न्यायच्या आधी दोधू एक चक्कर मारीसन देखस. चालेल ना?" त्याचा आवाज खाली होता.

चेतनाने होकाराची मान हलवली.

दोधू घोडीवर बसला, मोरीपाशी गेला आणि तिथेच अडला. चांदणी पुढे पाऊल टाकेना. ती मान वळवून घराकडे बघत होती. दोधूने जीभ वाजवली, टाच लावली, शेवटी चाबूक नुसता वर धरला. त्याची सावली घोडीच्या कुशीवर पडली आणि तेवढ्याच जागेवरची कातडी थरथरली. माशी नव्हती.

चेतना आत गेली. फळीवरचा पेला तिने घेतला, तांब्याने भरला, काठापर्यंत, मग काठाच्याही वर. मोरीपर्यंत चालत जाताना बोटांवर पाणी ओघळत होतं. तिला वाटलं, सपाट वाटेवर दोन पायांनी चालतानाही हे जमत नाही.

"हे धरा," तिने दोधूपुढे हात केला. "उजवा हातमा."

"बाई, त्या हातमा चाबूक शे मन्हा."

"दिसस मले."

तिचा हात तसाच राहिला. दोधूने जिनेशकडे पाहिलं. जिनेश घोडीजवळ आला. मग म्हणाला, "दे रे तो आठे."

चाबूक त्याने दोन बोटांत धरला, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसा, आणि तो कुठे ठेवायचा ते न कळून शेवटी पिकअपच्या हौद्यात गवताखाली सारला.

चेतना निंबाकडे निघाली. चारशे पावलं. पपईची पानं दवाने जड होऊन लोंबत होती. निंबाच्या मुळाशी एक ओंजळभर जागा इतर मातीपेक्षा काळसर होती, तिथलं गवतही हिरवं होतं. रोज एक पेला पाणी. घरून हे कधी दिसलं नव्हतं. ती त्याच्या बाजूला उभी राहिली आणि तिने तोंड वाटेकडे केलं.

चांदणी निघाली. आधी बिचकत, मग अंगात चाल भरत. वर दोधू शेंदराच्या मारुतीसारखा ताठ, सगळा जीव त्या पेल्यावर. निंबाजवळ घोडी आपसूक थांबली. चेतनाचा हात वर गेला, आणि अर्ध्यावरच थांबला. तिला मैनाचे पांढरे डोळे आठवले.

चांदणीने मान खाली केली आणि त्या थांबलेल्या हाताखाली आणून ठेवली.

ती मान ऊबदार होती, थोडी ओलसर. चेतनाने पेल्यात डोकावून पाहिलं. दोधूची बाही कोपरापर्यंत भिजली होती.

"अर्धा सांडना," ती म्हणाली. "परत."

"ल्या! आते बाई पंच व्हई गयी," दोधू कुरकुरला, पण त्याने घोडी वळवली.

तोवर जिनेश चालत तिथवर आला होता. "ताई, चार दिनमा व्हई का याना हात थीर?"

"मैनानंतर आप्पास्ले सत्तावीस वरीस लागनात."

 जिनेश खिशातून फोन काढत पिकअपकडे परतला. "पप्पा," तो बोलत असल्याचं तिला ऐकू आलं, "दौडीतलं चांदणीचं नाव काढून टाका."

दोधू मोरीपाशी पोचला होता. रमिलाबाई पदर खोचून त्याचा पेला पुन्हा भरत होत्या, आणि "काठलगून, काठलगून," असं त्यालाच दटावत होत्या. वाट मोकळी होती. पाटाचं पाणी संथ चाललं होतं. इथून घराची मागची खिडकी स्पष्ट दिसत होती, तिचं एक दार अर्धवट उघडं. त्या फटीत किती वर्षं, किती रविवार, हातात पुस्तक धरून, पान न उलटता ती उभी राहिली होती.

तिने निंबाच्या खोडाला हात लावला. आसपास कुणी नव्हतं, तरी पाटापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली,

"आप्पा, एकबी थेंब नही सांडना. मी खिडकीमाईन देखेल शे."