कोमट दुधातला बलक

मित्रांनो, मी एक जुनी कोंबडी आहे. अंडे आता रोज होत नाही. सकाळी फाटकाची कडी वाजली की खाटीक आला असे वाटते. माझे सांगणे फार मोलाचे असेल असे नाही, पण ऐका.

तरुणपणी गुरांच्या डॉक्टरबाईंनी आम्हा कोंबड्यांना एक लस टोचली. वासरांना हगवण लावणारे जंतू मारून ती बनवली होती. त्यांच्याशी लढणारी प्रतिपिंडे माझ्या अंगात तयार झाली आणि अंड्याच्या बलकात उतरली. गोठ्यात उठसूट प्रतिजैविके दिल्याने जंतू निगरगट्ट झाले होते. तेव्हा दुधात कालवलेला आमचा बलक कामी आला. गोठ्याचे मालक, काका, मला 'धाकटी डॉक्टरीण' म्हणू लागले. बरोबरीच्या कोंबड्या एकेक करून गेल्या. मी एकटी उरले.

यंदा काका परगावी असताना नवे वासरू आजारी पडले. काकूंनी पहिल्यांदाच स्वतः बलक पाजला, तरी त्याचे डोळे खोल गेले. काका परतले आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"म्हातारीत दम उरला नाही. उद्या खाटकाला देऊ."

भीतीने अंडे माझ्या पोटातच अडकले.

सकाळी डॉक्टरबाई आल्या. त्यांनी वासराच्या दुधाचे पातेले पाहिले; तळाशी पिवळ्या गुठळ्या होत्या.

"काकू, दूध उकळत होतं का?"

"मग? एवढ्याशा जिवाला कच्चं पाजू?"

"उकळल्यावर बलकातलं औषध मरतं. तुम्ही त्याला ऑम्लेट खाऊ घातलंत."

काकूंनी अंड्यांची टोपली पाहिली. साठवलेली अंडी संपली होती. सगळे माझ्याकडे बघू लागले. काकांच्या हातात माझे पाय बांधायची दोरी होती.

"अहो, तुम्ही आधी बाहेर व्हा," काकू म्हणाल्या. "तुम्हाला बघून तिची बोबडी वळलीय."

त्यांनी खुराड्यावर पोते टाकले. अंधारात कितीतरी वेळाने अंडे सुटले.

बाईंनी बलक कोमट दुधात कालवला, मीठ-साखरेचे पाणीही पाजले. "खात्री देत नाही," त्या म्हणाल्या. दिवसभर वासराने मान उचलली नाही. मी दाण्याला शिवले नाही. दुसऱ्या सकाळी ते धडपडत उठले आणि आईला लुचू लागले.

मित्रांनो, औषध कसे द्यायचे ते आधी विचारून घ्या. गुण आला नाही, तर कुणाच्या मानेला हात घालण्याआधी चुलीवरचे पातेले बघा. काकांनी दोरी खुंटीला टांगली आहे, टाकलेली नाही. मी तिच्याकडे पाठ करून अंड्यावर बसते.